स्लॅबचं घर झालं, पण आत निजवेना

(आमच्या रेडिओ केंद्रावरच्या ‘आपलं घर’ या सदरातल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, चुलीवरचं दूध उतू जात नाही ना, तेवढं बघून घ्या आणि मग जरा टेका. आज आम्ही नव्या घराबद्दल बोलणार आहोत.

आपल्या माणदेशात, पलीकडे सांगोला-मंगळवेढ्याकडं, गेल्या काही वर्षांत गावागावांत नवी घरं उभी राहिली. कुणाला घरकुल मिळालं, कुणी कर्ज काढलं, कुणी ऊसतोडीचा पैसा घातला. माळवद पाडलं, पत्रा काढला आणि वर स्लॅब आला. वास्तुशांत झाली, जेवणावळ झाली. मग पहिला उन्हाळा आला आणि घरात निजवेना.

पुरुष माणसं काय करतात? खाट उचलतात आणि अंगणात टाकतात. पोरं गच्चीवर जातात. पण नवी सून कुठं झोपणार? वयात आलेली लेक? सव्वा महिन्याची बाळंतीण? अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई? त्यांना आतच राहायचं, दाराला कडी लावून. म्हणजे घराच्या उष्म्याचा मोठा वाटा बायकांच्याच वाट्याला येतो. म्हणून हा विषय गवंड्याचा किंवा इंजिनिअरचा आहे असं समजून सोडून देऊ नका. तो आपला आहे.

माळवद गार का होतं?

म्हाताऱ्या बायका म्हणतात, “जुन्या घरात कसं गारेगार वाटायचं.” ती नुसती आठवणींची माया नाही, त्यामागं कारण आहे. माळवदाच्या भिंती दीड-दोन फूट जाड. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा चिलाट्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मातीतून उष्णता फार हळू आत जाते. दुपारचं ऊन आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र उलटून गेलेली असते. तोवर बाहेर गारवा आलेला असतो आणि जी ऊब आत येते तीही थोडकीच.

आता स्लॅब बघा. चार-पाच इंच काँक्रीट. काँक्रीट म्हणजे दगडाचाच भाऊ. दुपारी दीड-दोनला वर पडलेलं ऊन तीन-चार तासांत खालच्या बाजूला येतं. म्हणजे आपण संध्याकाळी भाकरी थापायला बसतो तेव्हा डोक्यावरचा स्लॅब तापून तयार असतो आणि मध्यरात्रीपर्यंत आग ओकत राहतो. तवा चुलीवरून उतरवला तरी त्यावर एखादी भाकरी शेकून निघते, तसंच हे. सूर्य मावळला म्हणून स्लॅब लगेच निवत नाही.

त्यात आपल्याकडं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आपली सावली आपल्याच पायाखाली जाते. अशा दिवसांत भिंतींपेक्षा छतच जास्त तापतं. भिंतींमध्ये पूर्वेची आणि पश्चिमेची जास्त तापते आणि त्यातही पश्चिमेची वाईट. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसं ऊन लागत नाही. हे लक्षात ठेवा, म्हणजे पैसा चुकीच्या भिंतीवर जाणार नाही.

उष्णता अडवायची म्हणजे काय?

आपण भाकऱ्या फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवतो, त्या गरम राहतात. गारीगारवाला बर्फ भुशात ठेवतो, तो लवकर वितळत नाही. फडक्यानं भाकरी तापवली नाही आणि भुशानं बर्फ गार केला नाही. दोघांनी फक्त उष्णतेची वाट अडवली. ही अडवणूक करते ती मुख्यतः आत कोंडलेली हवा. भुसा, काथ्या, गोधडी, थर्माकोल या सगळ्यांत बारीक बारीक कप्प्यांत हवा अडकलेली असते.

फरक किती पडतो, ते ऐका. एक इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट तीन फुटांपेक्षा जाड लागेल. म्हणून ‘स्लॅब आणखी इंचभर जाड घाला’ असं सांगून गारवा येत नाही. नुसता सिमेंटचा खर्च वाढतो.

सरकारलाही हे ठाऊक आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१८ साली राहत्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. छतातून किती उष्णता आत आलेली चालेल याची मर्यादा तिच्यात घालून दिली आहे. आपला उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो. पण २०१८ ची ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागेवरच्या बांधकामांसाठी होती. ग्रामीण घरकुल असतं किमान २५ चौरस मीटरचं आणि अनुदानही ठरावीकच. त्यात स्लॅब पडेपर्यंतच पैसे संपतात. वरचा थर ‘नंतर बघू’ म्हणून राहतो तो राहतोच. तेव्हा आपलं आपणच बघायला हवं.

आधी तपासणी, मग खर्च

आमच्या गटातल्या एकीनं पहिल्याच उन्हाळ्यात घाईघाईनं खोलीला खालून थर्माकोलचं छत मारून घेतलं. पैसे गेले, खोली बुटकी झाली आणि उष्मा थोडाच कमी झाला. कारण तिच्या घरात निम्मा ताप पश्चिमेच्या मोठ्या काचेच्या खिडकीतून येत होता. कुणी बघितलंच नव्हतं. म्हणून आम्ही म्हणतो, आधी तीन दिवस घर तपासा. त्याला फार काही लागत नाही.

पहिली तपासणी हाताची. रात्री आठच्या सुमाराला भक्कम स्टुलावर उभं राहून, खाली कुणीतरी धरायला ठेवून, पंखा बंद करून स्लॅबला तळवा लावा. मग चारी भिंतींना लावा. जिथं तळवा जास्त वेळ ठेववत नाही, तिथून उष्णता येते.

दुसरी तपासणी थर्मामीटरची. भिंतीला टांगायचा साधा मिळतो. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री आठ, अशा तीन वेळा बाहेरच्या सावलीतलं आणि आतलं तापमान वहीत लिहा. आत दोन जागी बघा. एकदा खाटेच्या उंचीवर आणि एकदा छताच्या जवळ. रात्री आठला बाहेरपेक्षा आत जास्त असेल तर घर दिवसाची उष्णता धरून ठेवतंय. वर आणि खाली मोठा फरक असेल तर छताचा दोष आहे आणि गरम हवेला वरून बाहेर पडायला वाट नाही.

कोरोनात कपाळासमोर धरायचं ते यंत्र पुष्कळ जणींकडं पडून आहे. ते माणसाच्या तापासाठी बनवलेलं असतं, तापलेल्या स्लॅबचा आकडा त्यावर खरा येईलच असं नाही. भिंती-वस्तूंचं तापमान दाखवायची सोय त्यात असेल तरच वापरा. आणि चकचकीत पत्र्यावर असं कुठलंही यंत्र फसतं. तिथं कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर माप घ्या.

तिसरी तपासणी उदबत्तीची. दुपारी वारा असताना पंखा बंद करून दार-खिडक्या लावा. पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेनं, पत्रा आणि भिंत मिळतात तिथं, पाइप आणि वायरींच्या भोकांपाशी सावकाश फिरवा. पडदे, कपडे लांब ठेवा. धूर सरळ वर न जाता एकदम वाकला, तर तिथं फट आहे. नव्या घरात खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये अशी फट नेहमी सापडते. गिलावा वाळला की ती उघडी पडते.

चौथी तपासणी ओलीची आणि ही फक्त नव्या घरासाठी. काँक्रीट, विटा, गिलावा या सगळ्यांनी पाणी पिलेलं असतं. ते पुरतं वाळायला बरेच महिने, कधी वर्षही जातं. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत सोडते. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर भिंत अजून ओली आहे. अशा भिंतीला ऑइलपेंट लावू नका, वरून पत्रे-फळ्याही ठोकू नका. ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. आधी वाळू द्या.

कमी खर्चाचे उपाय

वही भरली की उपाय निवडा. स्वस्त आधी, महाग नंतर.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्ची पांढरी करणं. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो. उघडं काँक्रीट त्यातलं बरंचसं पिऊन टाकतं. तेलंगणानं २०२३ साली छतांसाठी यावरच धोरण आणलं. अहमदाबादेतही वस्त्यांमधली छतं पांढरी केली गेली. म्हणजे हा काही कुणाच्या डोक्यातला खुळचटपणा नाही.

स्लॅबला चुना चालतो. गच्ची झाडून, धुऊन घ्या. चुना आदल्या दिवशी भिजवून, गाळून दुधासारखा करा. धरून राहावा म्हणून त्यात थोडा पांढरा डिंक मिसळतात. गच्चीवर पाणी शिंपडून पहिला हात द्या, तो वाळला की दुसरा. शिमगा ते पाडवा हा काळ चांगला. एक पावसाळा झाला की चुना बराच निघून जातो, म्हणून दर वर्षी द्यावा लागतो. जास्त पैसे असतील तर छतासाठीचा पांढरा रंग मिळतो, तो काही वर्षं टिकतो. कुठलाही लावा, पण धूळ साचली की पांढरेपणा गेला. महिन्यातून एकदा झाडू मारा.

इथं जपायचं ते सांगतो. कळीचा चुना भिजताना उकळतो, पोराबाळांना लांब ठेवा. हातात मोजे आणि डोळ्याला चष्मा घाला. डोळ्यात गेलाच तर चोळू नका. पंधरा-वीस मिनिटं भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. गच्चीचं पाणी टाकीत भरत असाल तर पहिल्या पावसांचं पाणी सोडून द्या. आणि लोखंडी पत्र्याला चुना लावू नका. तो धरत नाही आणि पत्र्यावरचा जस्ताचा थरही खातो. पत्र्यासाठी पत्र्याचाच पांढरा रंग घ्या.

आमच्या गटातल्या एका काकूंचा यावर विश्वास नव्हता. त्यांनी निम्मीच गच्ची पांढरी केली, निम्मी तशीच ठेवली. रात्री खालून हात लावून बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता उरलेली निम्मी रंगवायला घेतली.

दुसरा उपाय सावलीचा. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला आपण शेडनेट लावतो. तीच गच्चीवर दोन-अडीच हात उंचीवर बांधा, म्हणजे ऊन स्लॅबला लागायच्या आधीच अडतं आणि मधून वारा खेळतो. स्लॅबवर नुसती अंथरली तर तेवढा गुण येत नाही. वळवाच्या वाऱ्यात उडू नये म्हणून नीट बांधा आणि पावसाळ्याआधी उतरवा. गच्चीवर कडबा किंवा तुराट्या रचून सावली करणाऱ्याही आहेत. पण एका ठिणगीचं काम असतं. राहत्या घरावर ते नको.

पश्चिमेच्या खिडकीचं ऊन बाहेरच अडवायचं. काचेतून ऊन एकदा आत आलं की आतला पडदा उजेड अडवतो, ऊब आतच राहते. बाहेरून तट्ट्या, बांबूची चिक किंवा गोणपाटाचा पडदा लावा. मांडव घालून घोसाळी, दोडका, भोपळा चढवा. भांडी घासलेलं पाणी वेलाला, सावली घराला आणि भाजी ताटाला. दोन वर्षं थांबायची तयारी असेल तर पश्चिमेला शेवगा किंवा कडुनिंब लावा.

फटी सिमेंट-वाळूनं किंवा फटी बुजवायच्या लुकणानं बंद करा. दाराखाली जुन्या सतरंजीची गुंडाळी चालते. पण एक गोष्ट कधी विसरू नका. चूल असो की गॅस, स्वयंपाकघराचा झरोका कधीही बुजवायचा नाही. बंद खोलीत चूल, शेगडी किंवा गॅसचा गीझर चालू राहिला तर विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

मोठा खर्च करायचा असेल तर

उष्णता अडवणारा थर स्लॅबच्या वरून घातलेला उत्तम, कारण मग स्लॅबच तापत नाही. आपल्याकडं पाणी गळू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात, त्यानं थोडा फरक पडतो. त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले तर आणखी. आणि कोब्याखाली घट्ट फोमच्या पाट्या घातल्या तर सगळ्यात चांगलं. पण आधी वजनाचा हिशोब करा. २५ चौरस मीटरच्या छतावर चार इंच कोबा म्हणजे साधारण पाच टन ओझं. जुन्या माळवदासारखी स्लॅबवर माती पसरायचं तर मनातही आणू नका, ती ओली झाली की आणखी जड होते. स्लॅब तेवढं पेलेल का, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय काम काढू नका. अजून बांधकाम सुरू असेल तर आत्ताच विचारा. तेव्हा ते सोपं आणि स्वस्त पडतं.

खालून छत मारायचं असेल तर मध्ये हवेची पोकळी सोडा आणि पंखा डोक्याला लागणार नाही एवढी उंची ठेवा. थर्माकोल उघडा ठेवू नका. तो भरभर पेटतो आणि त्याचा धूर घातक असतो. त्यावर जिप्समची पाटी हवीच. स्वयंपाकघरात आणि वायरींजवळ थर्माकोल नकोच.

पत्र्याचं घर असेल तर पत्र्याखाली बांबूचा तट्ट्या किंवा चमकत्या फॉइलचा कागद चांगलं काम करतो, पण पत्रा आणि फॉइल यांच्यात निदान इंचभर पोकळी हवी. फॉइल पत्र्याला चिकटवली की चमक वाया जाते. आणि जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो घासू नका, भोकं पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. त्यावर चढूही नका, तो कधी मोडेल सांगता येत नाही.

भिंती अजून व्हायच्या असतील तर पश्चिमेची भिंत चार इंची करू नका, नऊ इंची करा. किंवा हलके पांढरे ब्लॉक वापरा, त्यांच्यात हवा कोंडलेली असते. भरीव सिमेंटचे ब्लॉक स्वस्त वाटतात, पण विटेपेक्षा जास्त तापतात.

रात्रीची कडी आणि वारा

आता सगळ्यात महत्त्वाचं. उष्णता कितीही अडवली तरी थोडी आत येणारच. ती रात्री बाहेर काढावी लागते. सकाळी ऊन चढलं की दार-खिडक्या लावायच्या आणि सूर्य मावळून बाहेर गार झालं की उघडायच्या, ही जुन्या बायकांची रीत बरोबरच आहे. पण रात्री खिडकी उघडी टाकायची आपल्याला भीती वाटते. चोराची, विंचवाची, डासांची आणि आणखी कशाकशाची ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून नव्या घरात दोन गोष्टी हट्टानं करून घ्या. छताच्या लगत, समोरासमोरच्या भिंतींत झरोके आणि खाली मजबूत गज आणि बारीक जाळी असलेली खिडकी. गरम हवा वर जाते, ती झरोक्यातून निघून जाते आणि खालून गार हवा आत येते. दाराला आतून कडी असली तरी घर श्वास घेतं. झालेल्या घरातही झरोका पाडता येतो. फक्त बीम आणि खिडकीवरचा लिंटेल यांना हात लावायचा नाही, जागा जाणकार माणसाकडून ठरवून घ्यायची. आमच्या मते, बाईमाणसासाठी हा खर्च तिजोरीच्या आधी करायला हवा.

एवढं करूनही उन्हाळ्यात घरात कुणी बरळायला लागलं, भान हरपलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो साधा ताप नाही. तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत ठेवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. म्हातारी माणसं, तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांच्याकडं जास्त लक्ष ठेवा.

आता तुमच्यासाठी काम. आजपासून तीन दिवस वहीत तापमान लिहा. एखादा उपाय करा आणि पुन्हा तीन दिवस लिहा. आकडे बोलतात आणि घरातली माणसंही आकड्यांचं ऐकतात. “मला उकडतंय” म्हटलं तर “तुझं नेहमीचंच” असं ऐकावं लागतं. पण “रात्री आठला बाहेर इतकं आणि आत इतकं” असं वही पुढं करून म्हटलं की कुणाला काही बोलता येत नाही. ती वही घेऊन गटाच्या बैठकीला या. चुना दहा जणींनी मिळून आणला तर स्वस्त पडतो आणि गच्च्याही एकमेकींच्या रंगवून होतात.

घर आपण आयुष्यात एकदाच बांधतो. त्यात आपल्याला झोप लागली पाहिजे, एवढं मागणं काही फार नाही.